पाचवं पाजणं

अल खर्ज
२८ सप्टेंबर १९९०

प्रिय अस्मा,

अस्सलामु अलैकुम. मी खुशाल आहे. डेअरीतलं काम दुप्पट झालंय, कारण अमेरिकेची फौज उतरल्यापासून दुधाची मागणी थांबत नाही आणि शीतघराची यंत्रं दिवसरात्र गुरगुरत असतात. एक बंद पडलं की मालक माझ्या नावाने ओरडतो. खालाला सलाम सांग, आणि पुढचं वाचून दाखवताना जरा मऊ करून वाच.

गेल्या आठवड्यात इथल्या सरकारने हुकूम काढला. आमच्यासारख्या परदेशी माणसाला इथे कफील लागतो, म्हणजे इथला एक मालक. त्याच्या नावाशिवाय राहता येत नाही, दुकान घालता येत नाही, गावी जाता येत नाही. यमनी माणसाला तो लागत नव्हता. शेजारी, भाऊबंद म्हणून सूट होती. तुझ्या बुबूच्या, तस्नीमच्या नवऱ्याने, हाशिरभाईने, त्याच सवलतीवर बारा वर्षं बेकरी चालवली. आता सूट रद्द. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कफील शोधा, नाही तर देश सोडा.

हाशिरभाई रोज कुणाच्या ना कुणाच्या दिवाणखान्यात जाऊन बसतो. पहिल्याने निम्मी बेकरी मागितली. दुसरा म्हणाला, "सगळी दे, तुला पगारावर ठेवतो." तस्नीम मला म्हणाली, "कादिर, माझ्या बापाच्या मयताला हे जेवढे रडले नव्हते तेवढे आज भट्टीसमोर बसून रडले." त्यांची रईसा चौदा महिन्यांची झाली. चालायला लागली आहे.

काळजी करू नकोस. काही तरी वाट निघेल. ईदनंतरच्या आपल्या लग्नासाठी मी रजेचा अर्ज आत्ताच दिलाय.

तुझा
कादिर

*

करंजखाडी, जि. रत्नागिरी
१७ ऑक्टोबर १९९०

प्रिय कादिर,

वालेकुम सलाम. तुझं पत्र मांला वाचून दाखवलं. मऊ केलं नाही. मला ते येत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

मी गेले तीन दिवस शाळेतल्या नकाशासमोर उभी राहतेय. इराकने कुवेत गिळलं. दूर न्यूयॉर्कला एका सभागृहात इराकची नाकेबंदी करायचं ठरलं, तेव्हा यमनच्या माणसाने हात वर केला नाही. त्याने विरोध केला नाही, शिवी दिली नाही, नुसता हात खाली ठेवला. आणि त्या खाली राहिलेल्या हाताची शिक्षा कुणाला? ज्याने आयुष्यात कधी मत दिलं नाही, ज्याला राजधानी सनाच्या गादीवर कोण बसलाय याच्यापेक्षा पहाटे भट्टी पेटली की नाही याची चिंता जास्त, त्या माणसाला! राजे रुसतात आणि रुसवा काढायला त्यांना रोटीवाल्याची मान सापडते. उद्या दोघं गळ्यात गळे घालतील, फोटो काढून घेतील. तेव्हा हाशिरभाईची बेकरी त्याला कोण परत देणार आहे?

हे मी नववीच्या वर्गात बोलले. हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, "बाई, तुम्हाला भूगोल शिकवायचाय." मी म्हटलं, "सर, हाच भूगोल आहे."

मां म्हणते, तस्नीमला इकडे पाठव. हाशिरभाईचं काय ते ठरेपर्यंत ती आणि बाळ इथे राहतील. तू तिथे आहेस म्हणून मांचा रात्री डोळा लागतो. हे लक्षात ठेव.

तुझी
अस्मा

*

अल खर्ज
१२ नोव्हेंबर १९९०

प्रिय अस्मा,

हे पत्र खालाला वाचून दाखवू नकोस. तिला एवढंच सांग की तस्नीम बरी आहे.

हाशिरभाई गेला. कफील मिळाला नाही. त्याने बेकरी पीठ-भट्टीसकट एका माणसाच्या हवाली केली आणि ट्रकमध्ये दोन गाद्या, एक शिलाई मशीन आणि पाण्याचं पिंप टाकून सरहद्दीकडे निघाला. रस्ता हजार मैलांचा. ट्रकच्या मागे ट्रक लागलेत, सरहद्दीवर दोन-दोन दिवस पाणी मिळत नाही असं परत आलेले चालक सांगतात. म्हणून बाळाला नेलं नाही. "पंधरा दिवसांत जागा बघतो, मग येऊन घेऊन जातो," असं म्हणून गेला. पण आता यमनी माणसाला इथे परत यायलाही व्हिसा लागतो, आणि तो कुणाला मिळालेला मी ऐकलेला नाही. त्याची काही खबर नाही.

तस्नीमचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नवऱ्याच्या नावाखाली होता. नवराच गेला म्हटल्यावर तिचं नाव कागदावर कुठेच उरलं नाही. ती शेजारच्या सुदानी बाईकडे राहते. मी संध्याकाळी दूध आणि खबूस, इथली रोटी, दाराबाहेर ठेवतो आणि दाराआडून विचारतो, "आहेस ना?" ती म्हणते, "आहे." मला आत जाता येत नाही. मी तिचा मावसभाऊ, म्हणजे इथल्या हिशेबाने परका पुरुष. धरले गेलो तर दोघंही कोठडीत.

प्रयत्न चालू आहेत.

कादिर

*

करंजखाडी
१ डिसेंबर १९९०

कादिर,

"प्रयत्न चालू आहेत" हे वाक्य सरकारी पत्रात असतं. तू ते मला लिहिलंस.

काल रेडिओवर ऐकलं की सभागृहात पुन्हा मतं घेतली. पंधरा जानेवारीनंतर लढाईला मोकळीक. या वेळी यमनने हात वर केला, पण विरोधात. आता त्या देशाच्या माणसाला तिथे कोण उभं करेल? आणि त्याच्या बायकोला? त्याच्या पोरीला?

पोस्टमन पाखाडी चढताना दिसला की मां ओटीवर येऊन उभी राहते. मी किती दिवस "बरी आहे" म्हणू? तिने काल विचारलं, "बरी आहे तर तिच्या हातची एक ओळ का नाही गो येत?"

स्पष्ट लिहिते. तू तिच्यापासून हाकेच्या अंतरावर आहेस आणि दाराबाहेर खबूस ठेवून परत फिरतोस. नियम आहे म्हणतोस. अरे, नियम माणसांनी केलेत, आकाशातून पडलेले नाहीत! एखादी वाट असणारच. तुला ती दिसत नाही की तिच्यावरून चालायची हिंमत नाही? ज्याच्याशी मी आयुष्य बांधायचं तो माणूस घाबरट असेल तर मला ते आत्ताच कळलेलं बरं.

पंधरा जानेवारीच्या आत माझी बहीण मला इथे हवी.

अस्मा

*

अल खर्ज
१४ डिसेंबर १९९०

अस्मा,

हे पत्र चिपळूणच्या जगदीश साठ्यांच्या हाती देतोय. ते नोकरी सोडून निघालेत. दोन दिवसांत तुला मिळेल. एकटीने वाच.

वाट आहे. मला ती वीस नोव्हेंबरपासून माहीत आहे. मी तुझ्यापासून लपवली. घाबरट म्हणालीस ते बरोबर, पण पोलिसांना नव्हे, या वाटेला घाबरलो.

आपल्या वकिलातीने आपलं काम केलं. बाळाचं नाव तस्नीमच्या पासपोर्टात चढवून दिलं. अडकलंय ते इथून बाहेर पडण्याच्या शिक्क्यावर. पासपोर्ट कचेरीच्या खिडकीतला माणूस म्हणतो, नवरा नाही, बाप नाही, मग मेहरम आणा, म्हणजे ज्याच्याशी तिचं लग्न कधीच होऊ शकत नाही असा पुरुष. तो सही करेल, जबाबदारी घेईल, विमानतळावर सोडेल. मेहरम नसेल तर बाईला तरहीलमध्ये ठेवतात, हाकलून द्यायच्या लोकांचा कोंडवाडा. तिथून केव्हा सुटका होईल ते कुणी सांगत नाही. तिथल्या बायका बाळांसकट जमिनीवर झोपतात.

कचेरीबाहेर इजिप्तचा एक म्हातारा टाइपरायटर घेऊन अर्ज लिहीत बसतो. त्याने माझं तोंड बघून विचारलं, "तू कोण तिचा?"

"मावसभाऊ."

"परका," तो म्हणाला. मग चष्मा वर केला. "एका बाईचं दूध प्यालात का दोघं? दूधभाऊ सख्ख्या भावासारखा. कागद आण, काम होईल."

मी म्हटलं, "तिच्या आईचं प्यालोय. चार वेळा."

त्याने पंजा दाखवला. "पाच. चार असतील तर परका. खलास."

तुला ही गोष्ट माहीत आहे, सगळ्या करंजखाडीला माहीत आहे. मी वीस दिवसांचा असताना माझ्या आईला विषमज्वर झाला. पहिला अर्धा दिवस खालाने मला तस्नीमबरोबर अंगावर घेतलं, मग गाईच्या दुधावर ठेवलं. आपली सोयरीक ठरली तेव्हा काझीसाहेबांनी खालाला तीनतीनदा विचारलं होतं. चार वेळा पाजलं, पाच नाही, म्हणून निकाह जायज.

आता तुला समजलं असेल. खालाने पाच म्हटलं, काझीसाहेबांनी लिहून दिलं, तर मी तस्नीमचा भाऊ होतो. आणि त्याच क्षणी तुझाही. त्या बाईची सगळी मुलं माझी भावंडं, आधीची, नंतरची, कायमची.

मी पंचवीस दिवस दुसरी वाट शोधत होतो. नाही सापडली. आता तूच सांग, आणि तू काय सांगशील तेही मला माहीत आहे. म्हणूनच लिहीत नव्हतो.

कादिर

*

करंजखाडी
२४ डिसेंबर १९९०

कादिर,

कागद सोबत आहे. काझीसाहेबांची सही, जमातीचा शिक्का, चार बायकांची साक्ष. मुंबईला नेऊन अरबी तर्जुमा आणि वरचे शिक्के करायचं काम रजेवर आलेले आपल्या गावचे मुस्तफाभाई करतील. त्यांची रजा संपलीय आणि मालकाने धमकावलंय, म्हणून सगळे पळत असताना ते उलटे रियाधला येताहेत. कागद ते तुझ्या हातात देतील.

तुझं पत्र मी विहिरीवर वाचलं. दोनदा. मग घरी येऊन मांला वाचून दाखवलं, सगळं. मां बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "चौथ्या खेपेला त्याला ठसका लागलेला."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"पीत होता. ठसका लागला, सोडलंन. मी त्याला खाली ठेवून तुझ्या खालाला, त्याच्या आईला, पेज भरवून आले. आले तर हात हलवत होता. परत घेतलं, परत प्याला, पोटभर. काझीसाहेबांना मी तेव्हाही सांगितलेलं. ते म्हणाले, मधे थांबला तरी एकच धरायचं."

संध्याकाळी काझीसाहेबांकडे गेलो. मां, मी, आणि तेव्हा घरात असलेल्या तिघी जणी. काझीसाहेबांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "शरफुन्निसा, दोन वर्षांपूर्वी चार होती. आज पाच कशी झाली?"

पलीकडची हलीमाचाची मध्येच म्हणाली, "पोरगा जन्माचा हावरा! मोजायला कोण बसलेलं तेव्हा?" कुणी हसलं नाही. मग तीच रडायला लागली.

काझीसाहेब म्हणाले, "बाळाने आपणहून सोडलं आणि मग पुन्हा घेतलं तर दोन धरणारेही आहेत. श्वास घ्यायला थांबला तर एक. त्याने सोडलं की त्याच्याकडून सुटलं? हे फक्त तुलाच माहीत. अल्लाला हाजिर-नाजिर जाणून बोल."

मांने माझ्याकडे बघितलं. कादिर, मी जिल्ह्याच्या स्पर्धेत हजार माणसांपुढे बोललेय, कधी चाचरले नाही.  तिथे मी नुसती मान डोलावली. मां म्हणाली, "आपणहून सोडलंन. पोट भरल्यासारखा."

काझीसाहेबांनी टाक बुडवला. लिहिण्याआधी मला म्हणाले, "पोरी, ही शाई पुसता येत नाही. सोयरीक आजपासून तुटली." मी म्हटलं, "लिहा."

वाटेत मांने विचारलं, "मी खरं बोलले काय गो?" मी काय सांगणार? मी तर तेव्हा जन्मालाही आले नव्हते.

एक गोष्ट मात्र ओरडून सांगावीशी वाटते. दोन सरकारांचं बिनसलं, आणि त्याचं बिल सत्तावीस वर्षांपूर्वीच्या एका बाळाच्या ठसक्यावर येऊन फाडलं गेलं. कुठल्या वर्तमानपत्रात हे येईल? युद्धात किती मेले ते मोजतील. हे कोण मोजेल?

घाबरट म्हणाले ते मागे घेते. तिला आण.

अस्मा

*

तार
रियाध, ८ जानेवारी १९९१

तस्नीम रईसा आज रात्रीच्या विमानात. मुंबईत उतरवून घ्या. कादिर.

*

अल खर्ज
२ मार्च १९९१

प्रिय अस्मा,

लढाई थांबली. मी जिवंत आहे. भोंगे वाजले की आम्ही गॅसचे मुखवटे चढवून शीतघरात बसायचो, तिथल्या भिंती जाड म्हणून. रियाधकडून एकदा असा आवाज आला की गोठ्यातल्या साडेतीनशे गाई एकदम उठून उभ्या राहिल्या. त्यानंतर दोन दिवस दूध निम्म्यावर आलं.

तस्नीमने सगळं सांगितलं असेलच. न सांगितलेलं मी सांगतो. मुस्तफाभाईंनी कागद दिला त्याच दिवशी ती सुदानी बाई गाव सोडून गेली. पाच रात्री तस्नीम आणि बाळ माझ्या खोलीत राहिले, मी दाराशी गोणपाटावर. दुसऱ्या रात्री गस्तवाले आले. मी कागद दाखवला. त्यांच्यातल्या मोठ्याने तो कंदिलासारखा वर धरून वाचला आणि म्हणाला, "बहिणीला नीट सांभाळ." विमानतळावर मेहरमच्या रकान्यात सही करताना मी ओळ चुकलो आणि खिडकीतल्या माणसाने दुसरा फॉर्म दिला.

आता मला बोलू दे. कागदाचं काम झालं. तो इथल्या एका फाइलीत पडलाय, ती फाइल पुन्हा कोणी उघडणार नाही. ठसका लागला तरी एकच पाजणं, असं काझीसाहेबांनीच आधी ठरवलं होतं ना? मग तेच खरं होतं. गरज होती म्हणून आपण एक जास्त मोजलं, गरज संपली. खालाला सांग, काझीसाहेबांना जाऊन सांग की अडचणीत होतो. अल्ला अडलेल्याला माफ करतो. आपल्या गावात नको असेल तर मुंबईत निकाह लावू, कोण विचारतंय?

तस्नीमला मी बहीण म्हटलं, मनापासून म्हटलं. तुला बहीण म्हणायला माझी जीभ वळत नाही अस्मा. रजा मंजूर झालीय. ये म्हण, येतो.

तुझाच
कादिर

*

करंजखाडी
२५ मार्च १९९१

कादिरभाई,

अस्सलामु अलैकुम. रोजे चालू आहेत, म्हणून खोटं लिहिणार नाही. तुमचं पत्र वाचून एक दिवस मी "या" असं लिहून ठेवलं होतं. ते चुलीत घातलं आणि हे लिहायला बसले.

हाशिरभाईचं पत्र आलं. यमनमध्ये होदेदा बंदराजवळ माळावर तंबू आहेत, हजारोंनी. त्यांच्या आईला जुलाब होऊन ती गेली. इतकं सगळं सांगून झाल्यावर शेवटी एक ओळ. विचारलंय, "मी नसताना तस्नीम कोणाच्या घरी राहिली, आणि कोणाच्या सोबतीने निघाली?"

त्यांच्या विचारण्यात संशय नाही, कादिरभाई. ज्याला घर, दुकान, आई, सगळं सोडून द्यावं लागलं तो माणूस उरलं काय ते चाचपून बघतोय. बुबूने पत्र हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं, "माझ्या भावाच्या घरी. भावाच्या सोबतीने." सोबत काझीसाहेबांच्या कागदाची नक्कल जोडली.

आता मी चार म्हणू? मी चार म्हटलं की त्या पाच रात्री ती परक्या पुरुषाच्या खोलीत होती. हे इथे धक्क्यावर मासे विकणाऱ्या बायकांच्या तोंडून एका महिन्यात होदेदाच्या तंबूत पोचेल. राज्यांच्या भांडणाने तिचं घर मोडायचं बाकी ठेवलं होतं. ते मी माझ्या लग्नासाठी मोडू?

आणि तुम्ही म्हणता गरज संपली. हीच त्यांची भाषा आहे! गरज होती तेव्हा यमनी भाऊ होते, सूट होती, कफील लागत नव्हता. गरज संपली, भावांचे परके झाले. रात्रीत कागद फिरवला. मी चार महिने गळा फोडून ज्यांना शिव्या घातल्या, त्यांचंच मी करायचं? ज्याने गोणपाटावर झोपून माझी बहीण राखली त्याला मी सकाळी भाऊ म्हणायचं आणि संध्याकाळी फिरवायचं? ते राजांना जमतं. आपल्याला जमू नये.

खरं काय होतं ते मला माहीत नाही. मांलाही आता माहीत नाही. ती नमाजनंतर बोटांवर मोजते, पाचव्या बोटापाशी थांबते, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजते. मी तिचा हात धरून बंद करते. आम्ही चार म्हणालो तेव्हा मला तुम्ही हवे होतात. पाच म्हणालो तेव्हा बुबू हवी होती. दोनदा हवं तसं मोजलं. तिसऱ्यांदा मोजायचं नाही.

रजेवर या. बुबू रोज विचारते. रईसाला "मामू" म्हणायला तिने शिकवलंय, ती शेळीलाही मामू म्हणते. मां तुमच्यासाठी जेवण करेल, मी वाढीन, भावाला वाढतात तसं, समोर बसून. तेवढं मला करावंच लागेल, आणि तुम्हाला तेवढं खावंच लागेल. घास उतरला नाही तरी खा. हलीमाचाची बघायला येणारच आहे.

उत्तर लिहा. पण "प्रिय" लिहू नका, आणि "तुझाच" लिहू नका. तशी पत्रं मला अजून हवी आहेत, म्हणूनच.

तुमची बहीण
अस्मा